खडीतली ज्वारी आणि तुमचे बूट

अप्पा, परवा इथल्या एका प्रदर्शनात मातीविना भाजी पिकवायचं यंत्र बघितलं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, नळ्यांना गोल भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या आणि वाट्यांतून कोथिंबीर, पालक, सॅलडची कसली तरी कुरळी पानं वर आलेली. खाली टाकी आणि टाकीत गुरगुरणारी मोटर. विकणारी मुलगी मोठी गोड बोलत होती. मला म्हणाली, आजी, मातीशिवाय झाड जगतं यावर तुमचा विश्वास बसत नसेल ना? जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं असं मी तिला सांगितलं असतं तर बिचारीचं तोंड उतरलं असतं, म्हणून नुसतं हसून पुढे गेले. पण खरं सांगू, मला तेव्हा वनस्पतिशास्त्र आठवलंच नाही. आठवला तो आडवा कापलेला, आतून डांबर फासलेला तेलाचा डबा, आणि त्याच्याकडे तोंड वाकडं करून बघणारे तुम्ही. घरी येऊन चहाही न घेता लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणाल, माझीच गोष्ट मला काय सांगतीस. पण सांगू द्या, कारण तुमच्या उजव्या पायाची हकिगत तुम्ही दर पाहुण्याला वेगळी सांगायचात. कुणाला साप, कुणाला नांगराचा फाळ, आणि एका एसटीच्या कंडक्टरला तर तुम्ही लांडगा सांगितला होतात. होता साधा बाभळीचा काटा. वळसंगच्या आपल्या शेतात तो तळपायात मोडला, तुम्ही सुईनं टोकरून काढला आणि विसरून गेलात. पुढे तळपाय सुजायला लागला, गाठी आल्या, गाठींना भोकं पडली आणि त्यांतून खसखशीएवढे काळे कण यायला लागले. तरी आईच्या, म्हणजे अव्वाच्या, जुन्या लुगड्याची चिंधी बांधून तुम्ही शेतात जातच होतात. शेवटी अण्णा, माझा थोरला भाऊ, तुम्हाला जवळजवळ उचलून सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टर तरुण होते आणि फार सबुरीनं समजावत होते. मातीतली बुरशी काट्याबरोबर आत गेली आहे, म्हणाले, आणि आता हाडाकडे निघाली आहे. तुम्ही खाटेवर एकदम ताठ झालात. "आमची माती तसली न्हाय, डाक्टर," म्हणालात, आणि नंतर त्यांच्याशी बोललाच नाहीत. ऑपरेशन झालं, गाठी खरवडून काढल्या, महिनोन् महिने घ्यायच्या गोळ्या दिल्या. घरी सोडताना त्यांनी अण्णाला बजावून सांगितलं, की जखम पुरती भरेपर्यंत आणि त्यानंतरही या पायाला मातीचा कण लागता कामा नये. पुन्हा आत गेली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. अव्वानं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

बूट घालून शेतात जायला हरकत नाही, असंही डॉक्टर जाता जाता म्हणाले. त्यांना काय माहीत. तुम्ही शेतात पायताण घालून गेलात असं गावात कुणीही कधी बघितलं नव्हतं. बांधावर चपला काढायच्या, वाकून माती कपाळाला लावायची आणि मग उतरायचं. मी फ्रॉक घालत होते तेव्हाची एक दुपार मला अजून लख्ख दिसते. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या लाल रबरी चपला माझ्या पायात आहेत आणि मी त्या मिरवत हरभऱ्यात शिरले आहे. तुम्ही ओरडला नाहीत. लांबून चालत आलात, मला बखोटीला धरून उचललंत, बांधावर ठेवलंत, खाली बसून माझ्या पायातल्या चपला काढल्यात आणि म्हणालात, "आईच्या अंगावर चपला घालून नाचतीस व्हय?" चपला नव्या होत्या, कौतुक कुणी केलं नव्हतं आणि वर हे, म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. सांगायचं एवढंच, की तुम्ही वळसंगला जाणं म्हणजे शेतात जाणं, आणि शेतात जाणं म्हणजे अनवाणी जाणं. हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. तुम्हाला गावापासून धरून ठेवणं म्हणजेच तुमचा पाय राखणं होतं, आणि तुम्हाला धरून ठेवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

भवानी पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात? खाली मागांचा कारखाना, दिवसभर खटखट, भिंतीला टेकलं तर पाठीत खटखट जाणवायची. अण्णा खालीच कामाला होता. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचात. अण्णानं तुम्हाला पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खाकी मोजे आणून दिले होते. धोतर, डोक्याला पटका, आणि खाली हे बूट. शेजारच्या तेलुगू मावशींची मुलं तुम्हाला बघून सलाम ठोकायची आणि हवालदार म्हणून पळून जायची. तुम्ही हसायचा नाहीत, पण एकदा तुम्ही त्यांना उलटा सलाम ठोकलेला मी दाराआडून बघितला आहे. ते वर्ष दुष्काळ सरल्यानंतरचं पहिलं बरं वर्ष होतं. गावाहून धाकटे काका यायचे, ओल कशी धरली आहे, पेरा कसा साधला आहे ते सांगायचे आणि तुमचा चेहरा बघून मध्येच गप्प व्हायचे. दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही पिशवी भरलीत. अण्णानं आवाज चढवला, तुम्ही त्याच्यापेक्षा चढवलात, अव्वा रडली. पेरणीच्या वेळी तुम्ही गेला नाहीत ते केवळ पाय इतका ठणकत होता म्हणून. तो ठणका थांबला की तुम्ही जाणार, हे ठरलेलं होतं. मी रोज कॉलेजातून परत येताना जिन्यात आधी तुमचे बूट आहेत का ते बघायची.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेत खडीच्या ट्रेमध्ये टोमॅटो लावले होते. माती अजिबात नाही, नुसती धुतलेली बारीक खडी आणि खतांचं पाणी. झाडाला माती लागत नाही, मातीतलं जे पाण्यात विरघळतं ते लागतं, असं त्या सांगत होत्या आणि मी मात्र तुमच्या पायाचा विचार करत होते. मातीविना शेत! हे असं काही असेल तर ते तुमच्यासाठीच असणार, अशी माझी तेव्हा अगदी खात्री झाली. बाईंना विचारून सगळं शिकून घेतलं. तेलाचे डबे तेलुगू मावशींनी दिले. अण्णानं ते आडवे कापून आतून डांबर फासलं आणि एका टोकाला खाली भोक पाडून दिलं. खडी चाळून, सात-आठ पाण्यांनी धुऊन भरली. खतात सुपर फॉस्फेट, शोरा, गल्लीतल्या रंगाऱ्याकडून आणलेला चिमूटभर हिराकस, आणि दवाखान्यात पोट साफ व्हायला देतात ते जुलाबाचं मीठ. हे सगळं पाण्यात विरघळवायचं, सकाळी वरून खडीवर ओतायचं, खालच्या भोकातून बादलीत निथळू द्यायचं आणि तेच संध्याकाळी पुन्हा ओतायचं. सिमेंटची गच्ची मी आधी झाडून, धुऊन घेतली होती. एक दिवस तुम्हाला हाताला धरून वर नेलं आणि मोठ्या ऐटीत सगळं दाखवलं.

तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग एकेका डब्यात काय घातलं ते विचारलंत. जुलाबाचं मीठ म्हटल्यावर मात्र तुमचा संयम सुटला. "रोपाला जुलाब देतीस आणि वरनं सलाईन लावतीस. पीक हाय का पेशंट?" असं म्हणून तुम्ही जिना उतरलात, आणि खाली जाऊन अव्वाला ते पुन्हा सांगितलंत. त्यानंतर आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलंत. पोरगी कॉलेजात शिकून गच्चीवर दवाखाना काढून बसली आहे म्हणे. मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच एवढं बोलत होतात. अव्वा म्हणाली, बोलू दे की, बोलले तर जेवतात तरी.

टोमॅटो आणि वांगी रुजली. मी सकाळी पाणी घालून कॉलेजला जायची. एके दिवशी संध्याकाळी आले तर पाणी आधीच ओतलेलं, बादली निथळून अर्धी भरलेली. अव्वाला विचारलं तर ती म्हणाली, माझे गुडघे तो जिना चढतात व्हय? तुम्ही खाटेवर डोळे मिटून पडला होतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही मला हाक मारलीत आणि धोतराच्या कनवटीची गाठ सोडून मूठभर ज्वारी माझ्या हातावर ठेवलीत. आपल्या शेतातलं बियाणं, दुष्काळातही अव्वाला दळू न दिलेलं. दवाखान्यातसुद्धा ते तुमच्या कनवटीला होतं. "हे टाक बगू. तुझं शास्त्र ज्वारी पिकवतंय का बगू," म्हणालात. मला तुम्ही आयुष्यात पुष्कळ काही दिलंत, माझ्या शिक्षणासाठी भावकीशी भांडलात, लग्नात मागं उभं राहून डोळे पुसलेत, पण देणं म्हटलं की मला ती मूठच आठवते. सगळ्यांत मोठ्या डब्यात मी ती ओळीनं टोकली. तुम्ही मागं उभं राहून दोन दाण्यांत अंतर कमी पडतंय म्हणून तीनदा टोकलंत.

ज्वारी आली, अप्पा. बुटकी आली, तुमच्या शेतातल्यासारखी पुरुषभर नाही, पण हिरवीगार आली. तुम्ही आता रोज वर जात होतात. तोंडानं मात्र पेशंटच चालू होता. पेशंट कसा हाय, पेशंटला ऊन लागतंय. आणि मग एक दुपार. मी लवकर घरी आले आहे. जिना चढते तर गच्चीच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर, तुमचे पांढरे बूट शेजारी शेजारी नीट ठेवलेले आहेत आणि त्यांत मोजे कोंबलेले आहेत. वर डोकावले. तुम्ही अनवाणी, एका पायाला पट्टी, लंगडत डब्यांच्या मधून फिरत होतात. सिमेंटवर माती नव्हती, भीती नव्हती. पण तुम्ही बूट का काढले असतील ते मला एका क्षणात कळलं आणि मी आवाज न करता खाली आले. अव्वाला सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. काही वेळानं म्हणाली, "करपली की गं," आणि दोघी उगाचच हसत सुटलो.

मार्गशीर्ष आला. वेळ अमावस्येला मी जाणार म्हणजे जाणार, असं तुम्ही जाहीर केलंत. पेरणीला गेलो नाही, कोळपणीला गेलो नाही, पण वर्षाचा तो दिवस शेतकऱ्यानं शेतात नसावं म्हणजे काय. आमचं कुणाचंच त्यावर काही चालणार नव्हतं. त्या दिवशी कडब्याची खोप करून, पाच पांडव मांडून, ताकातली आंबील सगळ्या पिकावर शिंपडायची असते, आणि ती धन्यानं शिंपडायची असते. आणि धनी बूट घालून शिंपडणार नव्हता. ठणका आता थांबला होता, पण जखमेचं एक तोंड अजून ओलं होतं. अण्णानं डॉक्टरांचं नाव काढलं, तुम्ही डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्यात. मी पाय धरले. तुम्ही पाय सोडवून घेतलात. पिशवी दारात, सकाळच्या एसटीनं निघायचं ठरलेलं. तेव्हा अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला बेसन होतं. सणाच्या मिसळभाजीच्या, भज्जीच्या, भाज्या ती कालपासून निवडत होती. कुणाच्या बाजूनं नाही आणि कुणाला समजावतेय असंही नाही, अशा साध्या आवाजात तिनं तुम्हाला विचारलं, "तिकडं शिपडायला भाऊजी हायती. वरच्या पिकाला कोन हाय? उभ्या पिकाला आंबील न देता धनी कुटं जातंय व्हय?"

तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. वरचं ते पीक नाही, पेशंट आहे, एवढंच म्हणायचं होतं आणि एसटी पकडायची होती. तुम्ही म्हणाला नाहीत. कसं म्हणणार? पायरीवरच्या बुटांचं आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे तुम्हाला अव्वाच्या तोंडावरून कळलं असणार. तुम्ही खाटेवर टेकलात आणि स्वतःशीच कानडीत म्हणालात, साकु, म्हणजे पुरे आता. मग अण्णाला म्हणालात, टांग्याच्या अड्ड्यावरून कडब्याची पेंढी आण. अण्णा असा धावत सुटला, की चपला घालायचंही विसरला.

त्या दिवशी गच्चीवर जे झालं ते मी इतक्या वेळा आठवलं आहे, की आता ते झालेलं किती आणि माझ्या मनातलं किती कोण जाणे. डब्यांच्या मधोमध कडब्याची वितभर खोप. तिच्यात चुना लावलेले पाच खडे, तेही माझ्या खडीतलेच. अव्वा जिना चढून वर आली आहे, गुडघे धरत, प्रत्येक पायरीला शिवाचं नाव घेत. गव्हाची खीर, बाजरीचे उंडे, भज्जी, आंबिलीचं गाडगं. तेलुगू मावशी आणि त्यांची मुलं बघायला आली आहेत. तुम्ही अंघोळ करून, विभूती लावून, अनवाणी, डहाळीनं आंबील शिंपडत, तोंडानं सणाची कानडी आरोळी देत डब्यांच्या भोवती फिरता आहात आणि मुलं तुमच्यामागून तीच आरोळी देत फिरताहेत. खालचे माग त्या दिवशीही चालू होते. मला वाटलं, झालं, निभावलं. तेवढ्यात तुम्ही डहाळी ठेवलीत, गाडगं दोन्ही हातांनी उचललंत आणि आंबील ज्वारीच्या डब्यात ओतायला लागलात.

आंबट ताक आणि ज्वारीचं पीठ, अप्पा. खडीत. मातीनं ते जिरवलं असतं, पण खडीत ते कुजणार, भोक तुंबणार, मुळांचा श्वास कोंडणार, हे मला धड्यातल्यासारखं समोर दिसलं. मी पुढं झाले आणि म्हणाले, थोडीच घाला. तुम्ही माझ्याकडे इतक्या आनंदानं बघितलंत! "सणाला पिकाला उपाशी ठेवतीस व्हय? रोज नुसतं पानीच पितंय ते," म्हणालात, आणि एकूण एक डब्याला पोटभर दिलंत. आणि प्रसादाचं पान हातात घेऊन बसल्यावर तुम्ही सहज म्हणालात, की आता हे झालं, चार दिवसांनी राखणीला गावी जातो. मचाणावर बसून गोफण फिरवायला काय पाय लागतो का. एका दिवसासाठीच तुम्हाला थांबवलं होतं आम्ही, दुसरं काही नाही.

चार दिवसांत गच्चीवर आंबूस वास सुटला. खडी बुळबुळीत झाली, माश्या आल्या, टोमॅटो पिवळे पडले. ते तुम्हालाच आधी दिसलं. मी कॉलेजातून आले तर पिशवी दारात होती आणि तुम्ही वर, डब्यापुढं उकिडवे. मान वर न करता विचारलंत, काय झालं गं हेला? मी खरं ते सांगितलं. मला वाटलं तुम्ही चिडाल, नाहीतर शास्त्राला नावं ठेवाल. तुम्ही म्हणालात, मीच घातलं. आणि बाह्या वर सारल्यात. आपण दोघांनी मिळून एकेक रोप अलगद उपसलं. तुम्ही ज्वारीचं ताट एका हातात धरलंय, दुसऱ्या हातानं स्वच्छ पाण्यात मुळं खळबळून घेताय, बुळबुळ निघून जातेय आणि आतून पांढरी मुळं दिसायला लागतात, लांब, केसांसारखी, ओली. तुम्ही ती उन्हात धरलीत. "जलम शेतीत गेला," म्हणालात, "पन जित्या पिकाची मुळं अशी कधी बगितली न्हाईत. मेल्यावरच दिसतात आपल्याला." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. खडी धुवायला आपल्याला संध्याकाळ झाली आणि त्या दिवशी तुमची एसटी चुकली.

दुसऱ्या दिवशीही चुकली. आजारी पीक टाकून जायचं कसं? तुम्ही डब्यांवर अव्वाच्या साडीची सावली बांधलीत. पाणी निथळतंय का ते तासातासाला बघायला लागलात. खताचं प्रमाण अर्ध्यावर आणा, अशक्त पोटाला एकदम जेवण देऊ नये, हे तुमचंच, आणि ते बरोबर होतं. टोमॅटो गेले, वांग्यांतलं एक वाचलं, ज्वारीची मात्र बरीच ताटं सावरली. काका एकदा आले आणि राखणीला येणार होतात ना म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, मला हितंच राखण हाय. ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडली. त्या दिवसांत कधीतरी तुमच्या जखमेचं शेवटचं तोंड मिटलं. डॉक्टरांनी तळपाय सगळीकडून दाबून बघितला, काळा कण आला नाही, आणि तुम्ही त्यांना, आपण होऊन, घरी हुरडा खायला बोलावलंत. ते काही आले नाहीत, पण हुरडा झाला. अव्वानं शेगडीवर कणसं भाजली, सगळं मिळून ओंजळभर दाणे निघाले असतील. आम्ही तिघं तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही खूप वेळ चावलंत आणि म्हणालात, "पुढच्या खेपेला जुलाबाचं मीठ जरा कमी टाक." अव्वा उठून आत गेली. मी मागून गेले तर ती पदरात तोंड खुपसून रडत होती आणि मला म्हणत होती, ऐकलंस का गं, पुढच्या खेपेला म्हणाले.

पुढच्या पुष्कळ खेपा झाल्या. तुम्ही गावी जायचात, पण बांधावर उभे राहायचात, बूट घालून, आणि तिथूनच काकांना हुकूम सोडायचात. खाली उतरला नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, माझं शेत वर गच्चीवर हाय, हे भावाचं. दर वेळ अमावस्येला डब्यांना आंबील दिलीत, पण लांबून, डहाळीनं, दोन थेंब, आणि मुलं ओत म्हणाली तर त्यांना मुळं मेल्यावरच दिसतात हे असं काही ऐकवायचात, की मी वर्गात तेच ऐकवत आले. माझ्या विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही की ते वाक्य कुणाचं. तुम्ही गेलात तेव्हा दोन्ही पाय तुमचे होते. गुडघ्याखालचा, घोट्याखालचा, सगळा.

आपल्यात मातीच देतात. वळसंगच्या शेतात, कोपऱ्यातल्या लिंबाखाली खड्डा खणला होता. अण्णानं काय विचार केला कोण जाणे, तुमचे पांढरे बूट पिशवीत घालून आणले होते आणि काय करावं ते न सुचून बांधावर ठेवून दिले. ते तिथं शेजारी शेजारी होते आणि तुम्ही शेतात होतात. तुम्हाला मांडी घालून बसवून खाली उतरवलं. मठाच्या स्वामींनी विभूती लावली, तुमच्या हातावर बेलाची पानं वाहिली, आणि आम्हालाही पानं वाहायला बोलावलं. मी गोठून गेले होते असं सगळ्यांना वाटलं. मी तुमचा उजवा तळपाय बघत होते. ती जुनी, पांढरट, आत ओढलेली खूण. इतकी वर्षं मी तिला मातीपासून जपलं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, खणात राहील. पण एक गोष्ट मी अव्वालाही सांगितली नव्हती. इतकी शिकलेली मी, झाडाचं आणि माणसाचं मातीत काय होतं ते मुलांना फळ्यावर काढून दाखवणारी. माझ्या हातातली बेलाची पानं मी तुमच्या हातात ठेवली नाहीत, अप्पा. वाकल्यासारखं केलं आणि ती तुमच्या तळपायाच्या त्या खुणेवर लावून दिली, माती लागू नये म्हणून.